भ्रूणाला विचारलेले नेमके प्रश्न

झेब्राफिशच्या प्रयोगशाळेत सकाळी सकाळी मोठी धांदल असते. रात्रभर छोट्या टाकीत नर आणि मादी मध्ये पारदर्शक फळी घालून वेगळे ठेवलेले असतात. दिवे लागले की फळी काढायची. थोड्याच वेळात तळाच्या जाळीखाली अंडी जमू लागतात. ती गाळून घ्यायची, अगारोजच्या थाळीतल्या खाचांत ओळीने बसवायची आणि काचेची सुई घेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. अंडे जेमतेम पाऊण मिलिमीटरचे. फलनानंतर सुमारे ४५ मिनिटांनी त्यातली पेशी पहिल्यांदा दुभंगते. त्याआधी प्रत्येक अंड्यात साधारण एक नॅनोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा दहा लाखावा भाग, द्रव सोडायचा. द्रवात लाल रंग मिसळलेला असतो, त्यामुळे थेंब आत गेला की नाही ते लगेच कळते. त्या लाल ठिपक्यात कॅस-९ नावाचे डीएनए कापणारे प्रथिन असते आणि कुठे कापायचे ती जागा शोधून देणारा आरएनएचा छोटा धागा असतो.

दुसऱ्या दिवशी याच वेळी त्या अंड्यात डोळे असलेला, शेपटी हलवणारा, धडधडत्या हृदयाचा जीव दिसतो. एका पेशीपासून इथवरचा प्रवास एका दिवसात होतो, आणि सगळा काचेसारखा आरपार दिसतो. हा मासा मूळचा आपल्याकडचा, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांचे वर्णन करताना त्याची नोंद केली. आज जगभरच्या भ्रूणशास्त्राचा बराच भार त्याच्यावर आहे.

प्रश्न जुना आहे. सुरुवातीच्या पेशी दिसायला सारख्या, सगळ्यांत जनुकेही तीच. मग डोके कोणी व्हायचे आणि शेपूट कोणी, हे ठरते कसे? वरून हुकूम देणारे कोणी नसते. पेशी एकमेकींशी बोलतात. एक पेशी प्रथिनाच्या रूपात संकेत सोडते, दुसरीच्या पृष्ठभागावरचे ग्राही प्रथिन तो पकडते आणि आत निरोप जाऊन काही जनुके चालू होतात, काही बंद. आश्चर्य असे की माशीपासून माणसापर्यंत या बोलण्याच्या मुख्य भाषा मोजक्याच आहेत : विंट, हेजहॉग, नॉच, एफजीएफ, बीएमपी-नोडल आणि आणखी एखाद-दुसरी. एवढ्याशा शब्दसंग्रहातून अख्खे शरीर उभे राहते. हे कसे, याची उत्तरे गेल्या दहा-बारा वर्षांत जनुक-संपादनामुळे फार बदलली. या लेखात त्या बदलाचा आढावा घ्यायचा आहे.

आधीच्या वाटा

पहिला मोठा प्रयोग १९२४ चा. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये हिल्डे मान्गोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी न्यूटच्या भ्रूणातला एक चिमुकला तुकडा काढून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथे दुसरा पाठकणा आणि दुसरे डोके तयार होऊ लागले. ते घडवणाऱ्या पेशी बऱ्याचशा यजमान भ्रूणाच्याच होत्या. बाहेरून आलेल्या तुकड्याने त्यांना काहीतरी सांगितले होते. काय सांगितले, हे शोधायला पुढची साठ-सत्तर वर्षे लागली.

दुसरी वाट हायडेलबर्गची. ख्रिस्टियाने न्यूस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी फळमाशांत रसायनाने आंधळेपणाने बिघाड घडवले आणि ज्यांच्या अळ्यांचे खंड चुकले त्या माशा निवडल्या. १९८० च्या त्यांच्या निबंधात खंडांची मांडणी ठरवणाऱ्या १५ जनुकांची यादी आहे. हेजहॉग हे नाव तिथलेच. त्या बिघाडाची अळी साळिंदरासारखी काटेरी दिसते. तिसरी वाट उंदरांची. १९८९ पासून ठरावीक जनुक निकामी केलेले ‘नॉकआउट’ उंदीर मिळू लागले आणि त्या तंत्राला २००७ चे नोबेल मिळाले.

या तिन्ही वाटांनी पाया घातला, पण प्रत्येकीला मर्यादा होती. कलम करून किंवा संकेताचे प्रथिन भरपूर ओतून एवढेच कळे की हा संकेत काय करू शकतो. भ्रूण स्वतःहून त्याचा वापर कशासाठी आणि किती करते, ते कळत नसे. रसायनाने घडवलेला बिघाड कुठे बसेल ते आपल्या हाती नसे. उंदरातला नेमका बदल हाती यायला वर्ष सहज जाई.

२०१२ मध्ये एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांच्या गटांनी जिवाणूंच्या विषाणूविरोधी यंत्रणेतले कॅस-९ हवे तिथे वळवता येते हे दाखवले. २०१३ मध्येच ही पद्धत, म्हणजे क्रिस्पर, उंदराच्या आणि झेब्राफिशच्या भ्रूणात चालली. बारा-पंधरा महिन्यांचे काम काही आठवड्यांवर आले. वेगाची चर्चा खूप होते, पण मला त्याहून मोलाचे वाटते ते दुसरेच. जनुक त्याच्या मूळ जागी, त्याच्या नैसर्गिक प्रमाणात ठेवून त्यातला एकच तपशील बदलता येऊ लागला. प्रश्न नेमका विचारता आला, म्हणून उत्तरही नेमके मिळू लागले. आणि ते उत्तर अनेकदा पाठ्यपुस्तकातल्या आकृतीशी जुळले नाही.

पहिला धक्का : बिघाड करूनही काही होत नाही

क्रिस्परच्या आधी झेब्राफिशमध्ये मॉर्फोलिनो वापरत. हा रसायनाने बनवलेला धागा संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिन बनू देत नाही. जनुक शाबूत राहते, त्याचा आवाज तेवढा दाबला जातो. अशा शेकडो प्रयोगांतून ‘हे जनुक रक्तवाहिन्यांना लागते, ते मेंदूला’ अशा नोंदी जमल्या. मग संपादनाने तीच जनुके खरोखर तोडलेले मासे तयार झाले. २०१५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका गटाने दोन्हींची तुलना केली, तेव्हा मॉर्फोलिनोने दिसलेले सुमारे ८० टक्के दोष या जनुक तोडलेल्या, म्हणजे म्युटंट, माशांत आढळलेच नाहीत.

मॉर्फोलिनोचे निष्कर्ष चुकले, असा सरळ अर्थ बऱ्याच जणांनी काढला. काही बाबतीत तो बरोबरही होता. पण त्याच वर्षी दिदिए स्टेनिए यांच्या गटाने ईजीएफएल-७ या जनुकाबद्दल वेगळेच दाखवले. मॉर्फोलिनोने ते दाबले की रक्तवाहिन्या बिघडत. जनुक तोडलेल्या माशांत मात्र त्या बहुतेक ठीक असत, कारण त्यांत दुसरी जनुके वाढीव काम करून उणीव भरून काढत होती. २०१९ मध्ये कारण बरेच उलगडले : तुटलेल्या जनुकाचा सदोष आरएनए पेशी नष्ट करते आणि त्या नष्ट होण्यातूनच सारख्या घडणीच्या जनुकांना जोर लावण्याची खूण मिळते.

भ्रूणाचा अभ्यास करणाऱ्यांना याने कायमचा धडा दिला. म्युटंट मासा निरोगी दिसला म्हणजे जनुक बिनकामाचे, असे लिहून मोकळे होता येत नाही. कोणत्या प्रकारे तोडले, आरएनए उरला का, जोडीदार जनुके कोणती, हे आता विचारावे लागते. कित्येक गट आता जनुकाचा प्रारंभाचा भागच काढून टाकतात, म्हणजे सदोष आरएनए बनतच नाही आणि भरपाईची ती खूण उमटत नाही.

दुसरा प्रश्न : संकेत खरोखर प्रवास करतो का?

विंट हे नावच दोन शोधांची बेरीज आहे. त्यातला एक आपल्याकडचा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांना पंख नसलेली फळमाशी सापडली. त्यांनी १९७३ मध्ये तिची नोंद केली आणि १९७६ मध्ये व्ही. एल. चोप्रा यांच्यासह तिचे सविस्तर वर्णन छापले. जनुकाचे नाव पडले ‘विंगलेस’. पुढे उंदरांच्या स्तनकर्करोगात सापडलेले इंट-१ हे जनुक म्हणजे तेच घराणे, हे कळले आणि दोन्ही नावे जोडून ‘विंट’ झाले.

विंगलेसबद्दलचे चित्र अनेक वर्षे असे होते : पंखाच्या कळीत पेशींची एक पट्टी हे प्रथिन सोडते, ते बाजूला पसरते, उगमाजवळ दाट आणि दूर विरळ होते, आणि हा उतार वाचून प्रत्येक पेशी आपली जागा ओळखते. उताराची ही कल्पना लुईस वोल्पर्ट यांनी १९६९ मध्ये फ्रान्सच्या तिरंगी झेंड्याचा दाखला देऊन मांडली होती.

२०१४ मध्ये लंडनमध्ये जाँ-पॉल व्हँसाँ यांच्या गटाने ही कल्पना सरळ तपासली. माशीचे मूळ विंगलेस जनुक काढून त्याच जागी त्यांनी असे जनुक बसवले की तयार होणारे प्रथिन पेशीच्या पडद्याला साखळीने बांधल्यासारखे राहील. ते आता पसरू शकत नव्हते. लागून असलेल्या पेशीला स्पर्श करण्यापुरतेच उरले. असा जीव अळीपर्यंतही पोचणार नाही, असे कोणालाही वाटले असते. पण माशा जगल्या. थोड्या उशिरा वाढल्या, पंख किंचित लहान, तरी मांडणी जवळजवळ नेहमीची. पंखात तरी विंगलेसने दूरवर जाणे अनिवार्य नव्हते.

प्रश्न तिथेच मिटला असता, तर तो आढाव्याचा विषय झाला नसता. २०१८ मध्ये एडिंबरामध्ये याच ‘बांधलेल्या’ माशांच्या उत्सर्जन-नलिका तपासल्या, तर त्यांची मांडणी बिघडलेली निघाली. तिथे संकेताचे पसरणे लागतेच. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनात गोलकृमीच्या स्वतःच्या विंट जनुकाला क्रिस्परने चमकणारी खूण जोडली गेली. जिवंत कृमीत संकेत पेशींच्या बाहेरून पसरताना आणि त्याचा लांबलचक उतार तयार होताना पहिल्यांदा दिसला. संकेताला वाटेत अडवले, तर दूरवर जाणाऱ्या मज्जापेशींचा प्रवास चुकला.

तीन प्रयोग, तीन ऊती, आणि तिन्ही उत्तरे बरोबर. ‘विंट पसरतो का?’ हा प्रश्नच अपुरा होता. कुठे, कोणत्या पेशींसाठी आणि केव्हा, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. जुन्या पद्धतींनी हे कळणे अवघड होते. त्यांत बाहेरून घातलेले प्रथिन नैसर्गिक प्रमाणापेक्षा कैक पट असे, आणि पूर आला की पाणी सगळीकडे पोचतेच.

तिसरा प्रश्न : लगाम कशासाठी?

झेब्राफिशच्या भ्रूणाच्या काठावर नोडल नावाचा संकेत सुटतो. ज्या पेशींना तो भरपूर मिळतो त्यांच्यातून पुढे आतडे, स्नायू, हृदय अशा आतल्या अवयवांचे थर तयार होतात. नोडल एक गंमत करतो : तो स्वतःला रोखणारे लेफ्टी नावाचे प्रथिनही तयार करवतो. नोडल हळू पसरतो, लेफ्टी भराभर. ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये गणिताने मांडलेल्या आकृतिबंधांशी आणि १९७२ मधल्या गीरर-माइनहार्ट प्रतिमानाशी ही जोडी सुंदर जुळते. त्यामुळे लेफ्टीचा लगाम हेच या मांडणीचे मर्म, अशी समजूत पक्की झाली होती.

पॅट्रिक म्युलर आणि अलेक्झांडर शिअर यांच्या गटांनी २०१७ मध्ये दोन्ही लेफ्टी जनुके निकामी केलेले मासे अभ्यासले. अपेक्षेप्रमाणे नोडल सैरभैर झाला, आतल्या थरांच्या पेशी फाजील वाढल्या आणि भ्रूण मेले. मग त्यांनी साधा पण धाडसी प्रयत्न केला. नोडलचा प्रभाव कमी करणारे औषध योग्य मात्रेत पाण्यात मिसळले. हे औषध सगळ्या पेशींना सारखेच मिळते. कुठे जास्त आणि कुठे कमी, हे ओळखण्याची अक्कल त्यात नाही. तरी भ्रूण सावरले आणि मोठे मासे झाले.

म्हणजे मांडणी काढायला लेफ्टीचा हुशार, जागेनुसार बदलणारा लगाम आवश्यक नव्हता. एकूण प्रमाण आटोक्यात राहिले तरी पुरत होते. मग लगाम असतो तरी कशाला? तेही याच प्रयोगात दिसले. नोडलची मात्रा मुद्दाम कमी-जास्त केली, तेव्हा लेफ्टी असलेल्या भ्रूणांनी तो धक्का पचवला. औषधावर जगणाऱ्यांना तो पेलला नाही. लगामाचे काम चित्र काढण्याचे कमी आणि वाईट दिवशी हात स्थिर ठेवण्याचे जास्त होते. निसर्गात तापमान बदलते, अंडी लहान-मोठी असतात, कुठलेही दोन दिवस सारखे नसतात. प्रयोगशाळेच्या स्थिर पाण्यात जे अनावश्यक भासते, ते गंगेच्या काठच्या डबक्यात जीव वाचवणारे ठरू शकते.

चौथा प्रश्न : एकच संकेत, इतकी कामे कशी?

सॉनिक हेजहॉग हा संकेत चेहऱ्याची मध्यरेषा आखतो, पाठीच्या कण्यातल्या मज्जापेशींना जागा देतो आणि हातापायांची बोटे ठरवतो. १९९६ मध्ये हे जनुक पूर्ण निकामी केलेल्या उंदरांचे भ्रूण एकाक्ष झाले आणि त्यांचे हातपायही खुंटले. मग फक्त बोटांबद्दल विचारायचे असेल तर?

उत्तर जनुकाबाहेर सापडले. सॉनिक हेजहॉगपासून जवळजवळ दहा लाख अक्षरे दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात, झेडआरएस नावाचा डीएनएचा तुकडा आहे. तो हातापायांच्या कळीपुरता हेजहॉग चालू करतो. तो काढून टाकला की उंदराचा चेहरा आणि मेंदू ठीक राहतात, फक्त हातपाय खुंटतात. माणसात याच तुकड्यातल्या एका अक्षराच्या फरकाने हाताला जादा बोट येऊ शकते. ज्या घरांत पिढ्यानपिढ्या सहा बोटांची मुले जन्मतात, त्यांपैकी काहींचे कारण इतके बारीक असते.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने क्रिस्परने उंदराचा झेडआरएस काढून त्याजागी इतर प्राण्यांचा बसवला. माणसाचा बसवला, तरी उंदराचे पाय नेहमीसारखे. सीलाकँथ या प्राचीन माशाचा बसवला, तरीही नेहमीसारखे. पण सापाचा बसवल्यावर पायांच्या जागी खुंट उरले. अजगराच्या तुकड्याची तुलना केल्यावर त्यात १७ अक्षरे गळालेली दिसली. ती परत घातली, आणि उंदराला पुन्हा पाय आले. सापांचे पाय कसे गेले, या कोट्यवधी वर्षांच्या गोष्टीतला एक धागा असा सतरा अक्षरांत हाती आला. हेजहॉगचे प्रथिन सापात शाबूत आहे. त्याच्याशिवाय सापाला डोके तरी कुठून येणार? गेला तो पायांपुरता स्विच.

साधनांच्या उणिवा आणि नवी साधने

हे सगळे वाचून हात आभाळाला लागले असे वाटेल, म्हणून अडचणीही स्पष्ट मांडायला हव्यात. एका पेशीत सोडलेले कॅस-९ कधी कधी पहिल्या विभाजनानंतर कापते, मग भ्रूणाच्या काही पेशींत बदल असतो आणि काहींत नसतो. अशा मिश्र भ्रूणात संकेत सोडणारी पेशी बिघडली की ऐकणारी, हे सांगणे कठीण जाते. म्हणून दोन पिढ्या थांबून शुद्ध वाण तयार करावा लागतो. काप चुकीच्या जागी बसू शकतो, आणि योग्य जागी बसला तरी दुरुस्ती करताना पेशी कधी डीएनएचा मोठा तुकडाच गमावते.

त्याहून खोल अडचण काळाची आहे. भ्रूण तोच संकेत पुनःपुन्हा वापरते. नोडल आधी थर ठरवतो आणि नंतर हृदय डावीकडे असावे हेही. पहिल्याच दिवशी तो तोडला, तर दुसरे काम पाहायला भ्रूणच उरत नाही. यावर सुरेख उपाय निघाला तो वनस्पतींकडून. रोपे ऑक्झिन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर ठरावीक प्रथिने नष्ट करतात. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी भाताच्या रोपातला त्या यंत्रणेचा भाग प्राण्यांच्या पेशींत चालवून दाखवला. आता क्रिस्परने एखाद्या प्रथिनाला त्या यंत्रणेची शेपटी जोडतात. हव्या त्या घटकेला ऑक्झिन दिले की ते प्रथिन थोड्याच वेळात नाहीसे होते. जनुक तसेच राहते, त्यामुळे प्रश्न ‘हे लागते का?’ वरून ‘हे आत्ता लागते का?’ पर्यंत येतो. शिवाय डीएनएचे दोन्ही धागे न कापता एकच अक्षर बदलणारे संपादन २०१६ पासून हाती आहे. माणसातला एका अक्षराचा दोष उंदरात किंवा माशात जसाच्या तसा उतरवायला ते फार उपयोगी पडते.

माणसाच्या भ्रूणापर्यंत

उंदरावरून माणसाचा अंदाज बांधताना कुठे चूक होते, हे २०१७ मध्ये दिसले. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत कॅथी नायकन यांच्या गटाने रीतसर परवाना घेऊन, वंध्यत्व उपचारांनंतर उरलेल्या आणि जोडप्यांनी संशोधनासाठी दिलेल्या भ्रूणांत ऑक्ट-४ हे जनुक निकामी केले. हे जनुक स्वतः संकेत नाही. संकेत ऐकून पेशीने काय व्हायचे, ते ठरवण्यात त्याचा हात असतो. उंदरात ते नसले तरी सुरुवातीचा पोकळ गोळा तयार होतो. माणसात तोच नीट बनेना. पण २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधनाने धोकाही दाखवला : कॅस-९ च्या कापानंतर काही मानवी भ्रूणांतून अख्खे गुणसूत्र किंवा त्याचा मोठा भाग गळून गेला होता.

त्याआधीच, २०१८ च्या नोव्हेंबरात, चीनमध्ये हे ज्यानक्वे या संशोधकांनी संपादित भ्रूणांतून जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले, ते अक्षम्य होते. त्यांना पुढे तुरुंगवास झाला. भ्रूण कसे बोलते हे शिकणे आणि न जन्मलेल्या मुलावर प्रयोग करणे यांत स्वच्छ सीमा आहे, आणि ती पाळली तरच या विद्येला समाजाचा विश्वास मिळेल. भारताच्या २०१७ च्या मूलपेशी-संशोधन मार्गदर्शक तत्त्वांत पुढच्या पिढीत उतरणाऱ्या जनुकबदलाला मनाई आहे आणि प्रयोगशाळेत मानवी भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवायलाही.

सीमेच्या अलीकडेही शिकण्यासारखे खूप आहे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मानवी मूलपेशी सूक्ष्म गोल चकत्यांवर वाढवून त्यांना बीएमपी-४ दिले, तेव्हा दोन दिवसांत शरीराच्या तिन्ही मूळ थरांची एकात एक वर्तुळे उमटली. २०१८ मध्ये त्याच गटाने विंट आणि ॲक्टिव्हिन हे संकेत देऊन तयार केलेला अशा पेशींचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणावर कलम केला आणि तिथे शरीराचा दुसरा अक्ष उभा राहू लागला. मान्गोल्ड यांच्या न्यूटचा प्रयोग, जवळपास शतकानंतर, माणसाच्या पेशींत. अशा पेशींत संपादन करणे सोपे असते, आणि भ्रूणाला हात लावावा लागत नाही.

आपल्याकडेही या विद्येची मुळे आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत माशी आणि झेब्राफिश यांवर काम चालते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्राचा अभ्यास मुरलेला आहे. हायड्राचे डोके ठरवणाऱ्या पेशी विंटचीच भाषा बोलतात.

दिल्लीची माशी

शेवटी त्या बिनपंखी माशीकडे परत जायला हवे. विंगलेस जनुक पूर्ण तुटले तर माशी अंड्यातच मरते. मग शर्मांची माशी अंड्यातच का संपली नाही? तिचे जनुक शाबूत होते. गेला होता तो त्याच्या शेजारचा, पंखाच्या कळीपुरता ते चालू करणारा तुकडा, सापाच्या पायांसारखाच. आणि त्या वाणाच्या सगळ्या माशा सारख्या नव्हत्या. काहींना दोन्ही पंख नसत, काहींना दोन्ही असत, आणि काहींना एका बाजूला पंख तर दुसऱ्या बाजूला नुसती पाठ. एकाच शरीरात, डावीकडे-उजवीकडे तीच जनुके, आणि तरी उत्तरे दोन.

संकेत केव्हा, कुठे आणि किती, आणि काठावर आलेले भ्रूण स्वतःला कसे सावरते किंवा सावरत नाही, हे सारे त्या एका पंखाच्या माशीत होते. ते वाचायची साधने मात्र आपल्याला आत्ता मिळाली. पुढच्या वेळी संपादित भ्रूणांच्या थाळीत दहा मासे बिघडलेले आणि तीन धडधाकट दिसले, तर त्या तिघांना अपवाद म्हणून बाजूला काढू नये. मी आधी त्यांनाच सूक्ष्मदर्शकाखाली घेईन.